वजन अर्ध्यावर अडकलंय, चालायचा कंटाळा आलाय. पावसाळ्यात नवीन काय सुरू करावं? (बेळगाव)

शेवंती

नमस्कार मंडळी. ९१ किलोवरून ७८ वर आलेय. वर्ष उलटून गेलं या खटपटीला. डॉक्टरांनी ६८-७० पर्यंत या म्हणून सांगितलंय, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. आतापर्यंतचं सगळं निव्वळ चालून आणि रात्रीचा भात कमी करून झालं. टिळकवाडीत राहते, त्यामुळे रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीभरल्या आवारात पाऊण तास.

गेले दोन-अडीच महिने काटा हलेना. ते एक वेळ सोसता येईल. खरी अडचण ही की सकाळी घरातून पायच निघत नाही. तीच वाट, तीच झाडं, तीच वळणं. पूर्वी चालून आलं की दिवस चांगला जायचा, आता उरकल्यासारखं वाटतं. त्यात पाऊस लागला. डेपोतल्या पायवाटा निसरड्या झाल्या, आणि आपल्याकडचा पाऊस काही दोन दिवसांत उघडणारा नव्हे.

तर विचारायचं असं, की व्यायाम बदलला तर पुन्हा मन लागतं का? की हा बदल म्हणजे पळवाट, आणि आहे तेच दामटत राहायचं? जिमची तीन महिन्यांची फी भरून बघितली. तिथं यंत्रं भरपूर होती, पण कशावर काय करायचं ते सांगायला कुणी जवळ यायचं नाही. शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतरच वेळ मिळतो. थायरॉईडची गोळी चालू आहे. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो.

पाऊसपाणी

सूर्यनमस्कार. डोक्यावर छप्पर आणि पायाखाली सतरंजी असली की झालं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींकडून ते करून घेतले, स्वतःही रोज घालायचे. आमच्या आजीनं लहानपणी शिकलेले म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. पाऊस, ऊन, कर्फ्यू, कशानंच खाडा पडत नाही.

तालीमवाला

ताई, व्यायाम बदला किंवा नका बदलू, पण रोज काय मोजताय ते आधी बदला.

मी शहापूर भागातल्या तालमीत वाढलोय. तिथं पोरगं सकाळी आलं की वस्ताद वजन विचारत नाहीत, "काल जोर किती मारलेस?" असं विचारतात. काल पंधरा झाले आणि आज सतरा झाले तर त्या दोन जोरांवर पोरगं दुसऱ्या दिवशी पहाटे आपणहून उठून येतं. वजन हे तुमच्या हातात नाही, आठवडा आठवडा ते हलत नाही. जोर तुमच्या हातात आहेत. तुमचं चालणं तसंच राहिलं म्हणून कंटाळा आला असं मला वाटत नाही. चालण्यात आता काही जमायचं शिल्लक राहिलं नाही, म्हणून आला.

तुम्ही जमिनीवरचा जोर लगेच मारायचा नाही. भिंतीपासून सुरू करा. भिंतीपासून दोन पावलं मागं उभं राहायचं, तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला टेकायचे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत, आणि कोपर वाकवून नाक भिंतीजवळ न्यायचं. श्वास सोडत मागं. दहा सहज जमायला लागले की स्वयंपाकाचा ओटा. ओटा सोपा झाला की पलंगाची कड. पलंग झाला की जमीन. प्रत्येक पायरीला काही आठवडे लागतील, लागू द्या. ज्या दिवशी ओट्यावरून पलंगावर उतराल त्या दिवशी काट्याकडं बघायची आठवण राहणार नाही.

बैठका पण तशाच. पूर्ण बैठक या गुडघ्याला नको. मागं खुर्ची ठेवा, टेकतंय न टेकतंय एवढं बसा आणि हात न लावता उठा.

वडगाव_फिजिओ

तालीमवाल्या मामांची खुर्चीची बैठक मी माझ्या रुग्णांना अगदी अशीच शिकवते. शेवंतीताई, थोडं सविस्तर लिहिते, कारण काटा अडकला की माणसं स्वतःला दोष द्यायला लागतात आणि ते मला फार खटकतं.

पहिली गोष्ट. चालताना आपण आपलंच वजन वाहत असतो. तुम्ही १३ किलो उतरवलेत, म्हणजे ९१ चा बरोबर सातवा हिस्सा. तेवढंच अंतर तेवढ्याच वेगानं चाललात तरी खर्च होणारी ऊर्जा साधारण त्याच प्रमाणात कमी झाली. शिवाय वजन उतरताना शरीर बसल्याजागीचा खर्चही थोडा आवरतं घेतं. पूर्वी जे चालणं वजन उतरवायचं ते आता आहे ते टिकवायचं काम करतंय. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, हिशेब बदललाय.

दुसरी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. तुमचं चालणं तेवढं भरतंय. पण त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या असंही म्हटलंय. ते आपल्याकडं बायका जवळजवळ करतच नाहीत. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. तो राखायचा तर त्याला ओझं द्यावं लागतं आणि जेवणात प्रथिनं लागतात. मोड आलेल्या कडधान्याची उसळ, अंडी, ताक-दही, मासे, जे घरात चालतं ते.

तिसरी, आणि ही लक्षात ठेवाच. नवीन व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांत काटा अर्धा-एक किलो वर जाऊ शकतो. स्नायूंना सवय नसते, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात आणि दुरुस्ती चालू असताना अंगात पाणी धरून ठेवतात. ती चरबी नव्हे. माझ्याकडं येणाऱ्या किती तरी बायकांनी याच पंधरवड्यात हात टेकलेत. म्हणून नवीन काही सुरू कराल तेव्हा महिनाभर काटा कपाटावर ठेवा आणि कंबर मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं मानतात, पुरुषांसाठी ९०.

गुडघ्याचं एक चांगलं सांगते. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलंय की एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. तुमचे १३ किलो म्हणजे पन्नासेक किलो, प्रत्येक पावलाला. काटा हे दाखवत नाही.

थायरॉईडची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर एकदा करून घ्या. वजन उतरल्यावर गोळीचं प्रमाण कधी कधी बदलावं लागतं, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय व्यायाम एकदम वाढवू नका, साखर खाली जाऊ शकते.

कडोलीकर

वाचनखूण साठवली. घरी बायकोला वाचून दाखवतो.

खानापूर_लाईन

सगळ्यांचा मान राखून लिहितो, मला हे नवीन-नवीन प्रकरण पटत नाही. आज झुंबा, उद्या योगा, परवा सायकल. आमच्या खानापूर भागात आता रोपलावणी चालू झालीय. बायामाणसं दिवसभर चिखलात वाकून असतात, वरून पाऊस, खांद्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. मन लागतंय का म्हणून कुणी विचारत नाही. काम पडलंय म्हणून करायचं. ताईंनी चालणं सोडू नये. कंटाळा आला तरी चालावं. कंटाळ्याला एवढं महत्त्व दिलं की माणूस काहीच धरून ठेवत नाही.

नाचणी

खानापूरवाले अण्णा, तुमच्या बोलण्यातलं धरून ठेवायचं मला पटतं. पण लावणीचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. माझं माहेर जांबोटीकडचं, मी लहानपणी लावणीला उभी राहिलेय. एका वावरात पंधरा-वीस बायका ओळीनं असतात. कुणी गाणं म्हणतं, कुणी घरचं गाऱ्हाणं सांगतं, शेजारणीचा हात भरभर चालला की आपलाही चालतो. मधेच कुणी चहाची किटली घेऊन येतं. तेच वावर एकटीला लावायला सांगा, दुपारपर्यंत कंबर धरून बांधावर बसेल. बायका तिथं कर्तव्य म्हणून दिवसभर वाकतात हे खरं, पण ओळीत आहेत म्हणून वाकू शकतात. शेवंतीताई रोज एकट्या चालतात.

मी आता शहापुरात असते. आमच्या गल्लीतल्या बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा गट आहे. श्रावणातल्या मंगळवारी कार्यक्रम असतात, पण सराव आषाढात सुरू होतो, संध्याकाळी सात ते आठ, एका कार्यालयाच्या हॉलमध्ये. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत कोरडं. आम्ही वजन कमी करायला जमलो नव्हतो, पण कोणत्याही जिममध्ये निघणार नाही एवढा घाम तिथं निघतो.

ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं टाळ्या वाजवत गोल फिरायचं. एकदा उभी फुगडी घालून बघा. हातांची अढी घालायची, पायाचे चवडे एकमेकींना भिडवायचे, अंग मागं झोकायचं आणि फिरायचं. पकड ढिली पडली तर दोघी पडतील म्हणून मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं ताठ असतं. नंतर झिम्मा, पिंगा. मग गाठोडं, त्यात बसून पायाचे अंगठे धरायचे आणि पाठीवर लोळून पुन्हा उठून बसायचं. पहिल्या दिवशी मला पाठीवरून उठताच येत नव्हतं, पोटात ताकदच नव्हती. आता गाणं म्हणत एका दमात सात-आठ होतात. गाणं म्हणत, हे महत्त्वाचं, कारण गाण्यात खंड पडला तर पुढचीचा ठेका चुकतो.

आणि जायचा कंटाळा आला तरी जावं लागतं, कारण फुगडीला जोडीदारीण लागते. मी नाही गेले तर माझी जोडीदारीण त्या दिवशी नुसती उभी राहते. माझ्या नियमितपणाचं एवढंच कारण आहे.

वडगाव_फिजिओ

नाचणी, फार छान सांगितलंस. व्यायाम मध्यम आहे की जोराचा ते ओळखायची साधी रीत हीच आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांतच धाप लागते, म्हणजे जोराचा. तुम्ही गात गात करताय म्हणजे दम चांगलाच वाढलाय.

शेवंतीताईंसाठी मात्र दोन गोष्टी. त्या गुडघ्याला कोंबडा अजिबात नको, म्हणजे उकिडवं बसून पाय झाडत उड्या मारायच्या तो खेळ. बसफुगडी पण नको. झिम्मा, पिंगा, टाळ्यांचे प्रकार पहिल्या दिवसापासून चालतील. उभी फुगडी सावकाश, अनुभवी जोडीदारणीबरोबर. खुर्चीच्या बैठका काही आठवडे झाल्यावर पुढचं बघू. गाठोडं मान आखडलेली असेल तर नको, जाड सतरंजी असेल आणि हनुवटी छातीकडं ठेवाल तर चालेल.

राजहंसगड_रविवार

पावसाळा संपल्यावर काय, त्याचं एक सांगतो. येळ्ळूरच्या राजहंसगडाला वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळं पाय घसरायची भीती नाही. पायथ्याला गाडी लावायची, रस्त्यानं चढत जायचं आणि किती ठिकाणी थांबावं लागलं ते लक्षात ठेवायचं. पुढच्या वेळी एक थांबा कमी. वर सिद्धेश्वराचं देऊळ, तटावर वारं असं की घाम मिनिटात सुकतो. उतरताना गुडघा दुखत असेल तर घरच्या कुणाला गाडी वर आणायला सांगा आणि फक्त चढा. चढ गुडघ्याला उतारापेक्षा सोसतो.

वैजनाथचा डोंगर पण चांगला, पण देवरवाडीकडं पावसात झाडीतनं जळवा असतात, दिवाळीनंतर जा.

निपाणीकर

मी या वाटेवर तुमच्याआधी निघालोय आणि वजन उतरवून ते राखून आहे, म्हणून लिहितो.

खानापूरवाले म्हणतात ते आणि नाचणीताई म्हणतात ते, दोन्ही मला लागलं. मी चालणं कधी मोडलं नाही. पाऊस असो, लग्न असो, वीस मिनिटं तरी चालणारच, घरातल्या घरात व्हरांड्यात का होईना. ते माझं मुद्दल. त्याच्या जोडीला एक गोष्ट ऋतू बघून बदलत ठेवतो. उन्हाळ्यात पोहणं. पावसाळ्यात घरात जोर, बैठका आणि पाण्यानं भरलेले पाच लिटरचे दोन कॅन दोन हातांत घेऊन जिना चढणं. थंडीत सायकल, कारण आपल्याकडं ऊस तोडणीच्या दिवसांत पहाटेची हवा सायकललाच असते. (ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं मात्र राहू नका, अंधारात त्यांचे मागचे दिवे बहुतेक वेळा नसतात.) बदल फक्त एकाच जागेत, आणि एक बदल केला की दोन महिने तोच. दर आठवड्याला नवीन केलं तर कशातच हात बसत नाही, आणि हात बसल्याशिवाय गोडी लागत नाही. कंटाळा यायच्या आत ऋतू बदलतो.

जेवणाचं पण लिहायलाच हवं, कारण नुसत्या व्यायामावर काटा हलवणं अवघड आहे. ७८ किलोच्या माणसानं पाच किलोमीटर चाललं तर साधारण २५० ते ३०० कॅलरी जातात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. गणित करून बघा, म्हणजे रोजच्या ताटातली थोडीशी ढिलाई किती महाग पडते ते कळेल. ताई, दोन-अडीच महिने अडकलंय म्हणताय तर आठवडाभर फक्त लिहून काढा, काय खाल्लं ते. काही बंद करू नका, नुसतं लिहा. माझ्या वहीत उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि स्टाफरूममधला चहा सापडला होता. मीही शिक्षक आहे, वाढदिवस कुणाचाही असो, कुंदा (आपली बेळगावी मिठाई) सगळ्यांना, हे मला माहीत आहे. पुढं वडगावची मंगाई यात्रा, मग गणपती. त्या दिवसांत पोटभर जेवा, पाहुण्यांना नाराज करू नका. फक्त त्या आठवड्यात व्यायामाला खाडा पडू देऊ नका, कारण सणानंतर वजन नाही, सवय परत आणावी लागते, आणि ते फार जड जातं.

खानापूर_लाईन

निपाणीकर, मुद्दल तेच ठेवून जोडीला एक बदलायचं, हे पटलं. मी चालणं सोडू नये एवढंच म्हणत होतो. आणि नाचणीताई, लावणीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या आईला आता लावणी होत नाही, तरी ती बांधावर जाऊन बसते. बायका असतात म्हणून.

खानापुरात असा खेळांचा गट कुणाला माहीत आहे का? मंडळीला विचारलं तर लगेच हो म्हणाली.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, हिशेब बदललाय हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

असं ठरवलंय. सकाळचं चालणं राहील, पण पाऊस असेल तेव्हा वीस मिनिटं शाळेच्या व्हरांड्यात, मुलं यायच्या आधी. आठवड्यातून तीन दिवस भिंतीचे जोर आणि खुर्चीच्या बैठका, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आज बघितलं, भिंतीवर आठ होतात, नववा अर्ध्यात राहतो. सासूबाई बघत होत्या, त्यांनी पण दोन मारले. काटा गणपतीपर्यंत माळ्यावर. थायरॉईडची तपासणी शनिवारी.

नाचणीताई, तुमच्या गटात बाहेरच्या गल्लीतली चालते का? लग्नाला चौदा वर्षं झालीत, मंगळागौर माझी कधीच होऊन गेली. मला खेळ पण विशेष येत नाहीत.

नाचणी

न चालायला काय झालं! आमच्यात दोघी साठीच्या पुढच्या आहेत, एक कॉलेजातली पोरगी आहे, दोघी घरी कन्नड बोलणाऱ्या आहेत आणि झिम्म्याची गाणी त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार असतो. टिळकवाडीहून यायला रेल्वेच्या पहिल्या गेटापाशी संध्याकाळी गर्दी असते, म्हणून साडेसहालाच निघा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

सुती साडी असेल तर नऊवारीसारखी कासोटा घालून नेसा, नाहीतर सलवार-कमीज, ओढणी बांधून. बांगड्या काढून या, फुगडीत फुटून मनगटाला लागतात. अंगठ्या पण. पाण्याची बाटली आणि एक जुनी जाड चादर, गाठोड्यासाठी. पहिले दोन दिवस फक्त झिम्मा आणि टाळ्या. माझ्या शेजारी उभ्या राहा, ठेका मी सांगते.

खानापूरवाले अण्णा, माझ्या मावसबहिणीचा खानापुरात गट आहे, तिला विचारून उद्या इथंच लिहिते.